तहानंतरची लढाई
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हांला जरा लांबच्या मुलखात नेणार आहोत. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लायबेरिया नावाचा देश आहे. अमेरिकेतल्या गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांनी तिथे वस्ती केली आणि १८४७ साली स्वतंत्र राष्ट्र जाहीर केले. पण गुलामीतून सुटलेलेच पुढे मूळ रहिवाशांच्या डोक्यावर बसले! (हे आपणही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.) १९८९ ते २००३, मधली थोडी वर्षे सोडली तर, तिथे यादवी पेटली होती. बंडखोर असोत की सरकारी फौज, बायकांवर बलात्कार दोघांनीही केले. कोवळ्या पोरी पळवून सैनिकांच्या 'बायका' केल्या. आपले पेपरवाले लिहितात, अब्रू लुटली. आम्हांला तो शब्दच मान्य नाही. अब्रू जाते ती करणाऱ्याची.

२००३ साली या बाया उठल्या. लेमा बोवी नावाची बाई त्यांच्या पुढे होती. ख्रिश्चन आणि मुसलमान बायका पांढरे कपडे घालून राजधानी मन्रोव्हियाच्या मासळीबाजाराजवळ रोज बसू लागल्या, उन्हात आणि पावसात. मागणी एकच, लढाई थांबवा. घाना देशात तहाची बोलणी सुरू झाली. पुढारी हॉटेलात आरामात, मरणारी माणसे तिकडे गावात. आम्ही युनियनच्या वाटाघाटी पाहिल्या आहेत. आतल्यांना घाई नसते, घाई बाहेरच्यांना असते. शेवटी या बायांनी हातात हात गुंफून सभागृहाचे दारच अडवले. पहारेकरी धरायला आले, तेव्हा लेमाबाई स्वतःच्या अंगावरचे कपडे उतरवू लागल्या. आईने असे करणे म्हणजे त्या समाजात मोठा शाप. पहारेकरी मागे सरले. ऑगस्टमध्ये तहावर सह्या झाल्या. २०११ साली लेमाबाईंना शांततेचे नोबेल मिळाले.

इथे थांबलो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण बंदुका खाली ठेवल्या तरी बलात्कार थांबले नाहीत. आधी करणारा सैनिक होता, आता शेजारी, नातेवाईक निघू लागला. २००६ साली कडक कायदा आला, २००८ साली या गुन्ह्यांसाठी वेगळे कोर्ट. पण तक्रार सांगायची कोणाला? चौकीत बहुतेक पुरुषच. २००७ साली आपल्या देशातून सीआरपीएफच्या शंभरावर महिला जवान संयुक्त राष्ट्रांतर्फे तिथे गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले फक्त बायकांचे असे ते पहिलेच पोलीस पथक. रात्री त्यांची गस्त असे. त्यांना बघून तिथल्या मुली पोलिसात भरती होऊ लागल्या. पथक २०१६ साली परतले, तोवर सुरक्षा दलांत बायकांचे प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेले होते.

तरीही २०२० साली बायांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले, आणि राष्ट्राध्यक्षांनी बलात्कार ही राष्ट्रीय आणीबाणी म्हणून जाहीर केली. तहाला तेव्हा सतरा वर्षे झाली होती.

हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, हे आपण दर जयंतीला सांगतो. आणि वस्तीतली एखादी सून मार खाऊन विहाराच्या पायरीशी येते तेव्हा आपणच म्हणतो, घरातली भानगड घरात मिटवा. आम्हीही म्हटलेले आहे. ती बाई गुपचूप परत गेली होती.

आपल्या विहार समितीवर आज एकही बाई नाही. येत्या रविवारी वंदनेनंतर नवी समिती निवडायची आहे. आम्ही आमची जागा सोडतो आहोत. भगिनींनी आपसांत बसून दोन नावे ठरवून आणावीत.

जयभीम!