केसांची साक्ष

केस गळूं लागले म्हणजे मनुष्य प्रथम तेल बदलतो, मग साबण बदलतो, आणि सर्वांत शेवटीं डॉक्टरांकडे जातो. हा क्रम ज्यांच्या अंगवळणीं पडला आहे, त्यांनीं शेगांव तालुक्यांतील हकीकत अवश्य ऐकावी.

इ. स. २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्याच्या त्या तालुक्यांत बोंडगांव, कालवड, हिंगणा इत्यादि गांवीं एक विलक्षण प्रकार सुरू झाला. प्रथम डोक्यास खाज सुटे, मग केस हातीं येत, आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. मुलें, स्त्रिया, वृद्ध, कोणीहि त्यांतून सुटलें नाहीं. दुखणें जिवावरचें नव्हतें. परंतु उपवर मुलीच्या घरीं त्याचा अर्थ काय होतो, हें सांगावयास नको. लाजेनें कित्येकांनीं डोकेंच साफ भादरून घेतलें.

तपासणी सुरू झाली. विहिरींचें पाणी तपासलें, तों कांहीं ठिकाणीं नायट्रेट जास्त निघालें. डोक्याच्या कातडीचा बारीकसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला, तेव्हां बुरशीचा संशय आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तज्ज्ञहि येऊन नमुने घेऊन गेले. विंचूदंशावरील उपचारामुळें प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं रुग्णांचें रक्त, लघवी व केस तपासविले. आणि त्यांबरोबर घरांतील गहूंहि तपासविला. २०२५ च्या फेब्रुवारींत त्यांनीं निष्कर्ष जाहीर केला. सेलेनियमचें प्रमाण रक्तांत ३५ पट, लघवींत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलें होतें. जस्त मात्र घटलें होतें. रेशनच्या गव्हांत किलोमागें १४.५२ मिलिग्राम सेलेनियम आढळलें. हा गहूं पंजाबकडील, असें त्यांचें म्हणणें.

सेलेनियम हें कांहीं निव्वळ विष नव्हे. प्रौढ माणसास तें रोज सुमारें ५५ मायक्रोग्राम लागतेंच; मात्र ४०० च्या वर जाऊं नये. आतां हिशेब करावा. वरील गव्हाची पाव किलो कणीक पोटांत गेली, तर साडेतीन हजारांहून अधिक मायक्रोग्राम, म्हणजे मर्यादेच्या नऊपट सेलेनियम शरीरांत जातें. पंजाबांत होशियारपूरकडील कांहीं जमिनी सेलेनियमयुक्त असल्याचें पूर्वींपासून ठाऊक आहे. चीनमधील एन्शी येथेंहि १९६१ ते १९६४ या काळांत याच द्रव्यानें लोकांचे केस व नखें गळालीं होतीं.

यांतून घेण्याजोगा बोध हा कीं, तपासणी विचारलेल्या प्रश्नाचेंच उत्तर देते. नेहमींच्या रक्ततपासणींत रक्तकण मोजतात, सेलेनियम मोजीत नाहींत. म्हणून अहवाल निर्दोष आला तरी दुखणें खोटें ठरत नाहीं. प्रत्येक नमुन्याची स्मरणशक्तीहि निराळी. लघवी कालपरवांचें सांगते. रक्त अलीकडच्या दिवसांचें. केस मात्र महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढत असल्यामुळें मागील कित्येक महिन्यांची रोजनिशीच बाळगतात.

अर्थात् प्रत्येक गळणाऱ्या केसामागें सेलेनियम शोधूं नये. घरोघरचीं कारणें साधीं असतात. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनीं केस गळतात व पुढें बहुधा आपोआप येतात. रक्तांतील लोह कमी असल्यास, किंवा गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि बिघडल्यास, साध्या रक्ततपासणींत तें कळतें. चट्टे पडले असल्यास तेथील खपली व केस तपासून गजकर्णाची बुरशी ओळखतां येते. केसांसाठीं म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत पुष्कळदां सेलेनियमच असतें. तेव्हां त्या डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नयेत.

मात्र एका घरांत अनेकांचे, आणि एका गांवांत अनेक घरांचे केस एकदम गळूं लागले, तर दोष एकाच्या डोक्यांत नसून सर्वांच्या ताटांत किंवा घागरींत असावा, हें ओळखावें. अशा वेळीं डॉक्टरांस केवळ दुखणें सांगून भागत नाहीं. धान्य कोठलें, पाणी कोठलें, आणि शेजारीं कोणास काय होत आहे, हेंहि सांगितलें पाहिजे.