चावी कोणाच्या खिशात?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर दरवर्षी मोठे वक्ते येतात. आम्ही साधे सरकारी नोकर, शिक्षण पदविकेपर्यंत. संगणकाच्या सुरक्षेवर बोला असे मंडळाने सांगितले, तेव्हा आम्ही एकच अट घातली की जे आमच्या हातांनी केले आहे आणि जिथे आम्ही चुकलो आहोत, तेवढेच सांगू.

विषय आहे एक छोटी चावी. दिसायला पेन ड्राइव्हसारखी, किल्ल्यांच्या जुडग्यात मावणारी. ती संगणकाला लावून तिच्यावर बोट टेकवल्याशिवाय संगणक आत घेत नाही. तिला सिक्युरिटी की म्हणतात. आपण सुरक्षा चावी म्हणू.

चावीचा व्यवहार आपल्याला नवा नाही. चवथ जवळ आली की फोंड्याच्या आसपासच्या गावांत वर्षभर बंद असलेली मूळ घरे उघडतात. मुंबई-पुण्याहून माणसे येतात, साफसफाई होते, माटोळी बांधली जाते. त्या घराची एक चावी गावातल्या काकांकडे असते आणि दुसरी शेजाऱ्यांकडे. कोणती चावी कोणाकडे, हे सगळ्या कुटुंबाला ठाऊक असते. बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची. सरकारी कोषागारात मुद्रांक आणि मौल्यवान वस्तू दुहेरी कुलपात असतात. एका कुलपाची चावी अधिकाऱ्याकडे, दुसऱ्याची खजिनदाराकडे. एकट्याला ते दार उघडता येऊ नये, म्हणूनच ही रीत पडली.

संगणक आला आणि ही शिस्त आम्ही दाराबाहेर ठेवली.

आमचे काही वर्षांपूर्वीचे एक कार्यालय होते. नाव सांगत नाही. तिथे चार संगणक आणि सगळ्यांना एकच पासवर्ड. कार्यालयाचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. विसरू नये म्हणून तो कीबोर्डखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलेला. साहेबांच्या डिजिटल सहीचे टोकन सकाळी संगणकाला लावले की संध्याकाळपर्यंत तिथेच. त्याचा पिनही आम्हां सर्वांना पाठ. कामे भराभर होत होती, म्हणून कोणाची तक्रार नव्हती.

एके दिवशी एका अर्जदाराच्या नोंदीतली तारीख बदललेली सापडली. अर्जदाराचे नुकसान होणार होते, तो रागावला, वरून विचारणा झाली. संगणकाच्या दप्तरात आमच्या टेबलाचे नाव दिसत होते. आम्ही शपथेवर सांगितले, आम्ही बदलले नाही. मग बदलले कोणी? त्या टेबलावर कंत्राटावर काम करणारी एक मुलगी दुपारनंतर बसायची. डिचोलीहून कदंबच्या बसने येणारी, कामाला चोख. तिच्यावर कोणी उघड आरोप केला नाही. फक्त तिला त्या टेबलावरून उठवले. तिच्यासमोर बोलणे थांबू लागले. तीन महिन्यांनी कंत्राट संपले आणि ते वाढवावे असे कोणी सुचवले नाही. आम्हीही नाही.

पुढे आमची बदली झाली. कपाट आवरताना दोन कागदी अर्ज एकमेकांत अडकलेले मिळाले. वरच्या अर्जावर पेन्सिलीने तारीख दुरुस्त केलेली, अक्षर आमचेच. घाईत एका अर्जाची दुरुस्ती आम्ही दुसऱ्याच्या नोंदीत केली होती आणि पुढे साफ विसरलो होतो.

आम्ही वर लेखी कळवले. त्या मुलीला फोन करून माफी मागितली. ती शांतपणे म्हणाली, "सर, मी केलं नाही हे मला माहीत होतं. पण तसं दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं."

पासवर्ड सगळ्यांचा असला की चूक कोणाचीच राहत नाही, आणि मग ती सर्वांत दुबळ्या माणसाच्या माथी जाते. सुरक्षा चावी चोरासाठी आहे असे समजतात. ते खरे आहेच. पण प्रामाणिक माणसाला 'त्या वेळी तिथे मी नव्हतो' असे दाखवता यावे, यासाठीही ती आहे. म्हणून आम्ही तिच्या मागे लागलो.

ती काम कसे करते ते साध्या शब्दांत सांगतो. चावीची संगणकाशी पहिली ओळख करून देताना तिच्या आत अंकांची एक जोडी तयार होते. एक गुप्त, एक उघड. उघड भाग संगणकाकडे जातो. गुप्त भाग चावीतून कधीच बाहेर येत नाही, तो बाहेर काढून नक्कल करता येऊ नये अशीच तिची रचना असते. पुढे प्रत्येक वेळी संगणक नवा प्रश्न विचारतो, चावी गुप्त भागाने त्याचे उत्तर सही करून देते आणि संगणक ते उघड भागाशी ताडून पाहतो. कालचे उत्तर आज चालत नाही. आणि बोट टेकवावे लागते, कारण समोर माणूस हजर आहे हे कळायला हवे.

संकेतस्थळांवर लॉगिन करताना तिचा आणखी एक फायदा आहे. आपण पासवर्ड आणि ओटीपी फसव्या पानावर टाकतो, कारण पान हुबेहूब दिसते. चावी दिसण्यावर जात नाही. ज्या पत्त्याशी तिची ओळख झाली त्याच पत्त्याला ती उत्तर देते. 2022 च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या कर्मचाऱ्यांना फसवे एसएमएस गेले. तिघांनी आपला पासवर्ड खोट्या पानावर टाकलाही. पण प्रत्येकाकडे अशी चावी होती, म्हणून चोर आत शिरू शकले नाहीत. गुगलने 2017 च्या सुरुवातीपासून 85,000 हून अधिक कर्मचाऱ्यांना चावी सक्तीची केली. त्यानंतर कामाच्या खात्यांवर अशी फसवणूक यशस्वी झाल्याची नोंद नाही, असे कंपनीने 2018 मध्ये सांगितले.

हे लांबचे झाले. 2022 च्याच जूनमध्ये आपल्या गोव्यातल्या जलस्रोत खात्याच्या पूर-निरीक्षण यंत्रणेच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. भर पावसाळ्यात नद्यांच्या पातळीची माहिती कुलूपबंद झाली. अशा हल्ल्याला एकटी चावी पुरत नाही. बॅकअप, अँटिव्हायरस, वेळेवर केलेले अपडेट हे सगळे लागते. पण 'आपल्या छोट्या राज्याकडे कोण बघतो' हे म्हणणे त्या दिवशी संपले.

आता चावी बसवायची कशी? विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', तिथे 'अकाउंट्स' आणि 'साइन-इन ऑप्शन्स' इथे गेल्यावर 'सिक्युरिटी की' दिसते. प्रथम तिला पिन द्यावा. हा पिन चावीतच राहतो. सलग आठ वेळा चुकला तर चावी अडून बसते, मग ती कोरी करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. या चावीने थेट विंडोजमध्ये शिरणे संस्थेच्या मध्यवर्ती खात्याशी जोडलेल्या संगणकावर जमते. घरच्या साध्या खात्यासाठी चावी बनवणाऱ्या कंपनीचे वेगळे सॉफ्टवेअर लागते. खरेदीआधी हे विचारून घ्या.

आम्ही घरच्या संगणकावर उबुंटू वापरतो. तिथे पॅम नावाची व्यवस्था लॉगिन सांभाळते आणि चावीसाठी तिचा 'पॅम यू-टू-एफ' हा भाग बसवावा लागतो. मग चावीची नोंद एका फाइलमध्ये करायची आणि लॉगिनच्या नियमात एक ओळ वाढवायची. काम दहा मिनिटांचे. पण त्या ओळीतल्या एका शब्दावर सगळे अवलंबून आहे. 'सफिशिअंट' लिहिले तर चावी असल्यास पासवर्ड लागत नाही आणि चावी नसल्यास पासवर्ड चालतो. म्हणजे जुने दार तसेच राहिले आणि शेजारी दुसरे दार पाडले. 'रिक्वायर्ड' लिहिले तर पासवर्डही हवा आणि चावीही हवी. कोषागाराचे दुहेरी कुलूप ते हेच.

आम्ही एका रविवारी उत्साहाने 'रिक्वायर्ड' लिहिले, टर्मिनल बंद केले आणि संगणक पुन्हा सुरू केला. चावीच्या नोंदीची फाइल आम्ही घरच्या फोल्डरमध्ये ठेवली होती, आणि ते फोल्डर लॉगिन होईपर्यंत कुलपात. चावी आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखे झाले. संध्याकाळपर्यंत पेन ड्राइव्हवरून संगणक चालू करून ती ओळ पुसत बसलो. घरच्यांनी चहाबरोबर बोलणीही दिली.

त्या रविवारी शिकलो ते सांगतो. पहिले, नोंदीची फाइल सर्वांसाठी असलेल्या सिस्टिमच्या फोल्डरमध्ये ठेवावी. दुसरे, चाचणी आधी 'सुडो' आज्ञेवर करावी, लॉगिनला हात नंतर लावावा. तिसरे, चाचणी चालू असताना प्रशासकाच्या अधिकाराचे एक टर्मिनल उघडे ठेवावे, म्हणजे बिघडले तर परत फिरता येते. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, चाव्या दोन घ्याव्यात, दोन्हींची नोंद एकाच दिवशी करावी, एक खिशात आणि दुसरी कपाटात. मूळ घराची दुसरी चावी शेजाऱ्यांकडे असते ती याच कारणाने.

चावी काय करत नाही तेही सांगायला हवे. चावी काढून घेतली म्हणजे संगणक आपोआप बंद होतो असे नाही, तशी वेगळी व्यवस्था करावी लागते. उठताना विंडोजची कळ आणि एल दाबायची सवय हवीच. तसेच कोणी संगणकाची हार्ड डिस्क काढून नेली, तर लॉगिनची चावी तिथे कामाची नाही. त्यासाठी डिस्कच सांकेतिक करून ठेवावी लागते.

चाव्यांना काही हजार रुपये लागतात. प्रत्येकाला ते परवडतील असे नाही. ज्यांना शक्य नाही त्यांनी ईमेलसारख्या खात्यांना मोबाइलमधली पासकी लावावी. ती याच तत्त्वावर चालते. प्रत्येक खात्याला निराळा पासवर्ड ठेवावा, ओटीपी कोणालाही सांगू नये, आणि फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर फोन करावा.

शेवटी आमच्या सरकारी बांधवांसाठी दोन शब्द. ज्याला आपण डोंगल म्हणतो ते डिजिटल सहीचे टोकन याच घराण्यातले आहे. त्यातही गुप्त भाग आतच राहतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चे कलम 42 सांगते की हा गुप्त भाग आपल्याच ताब्यात राहावा यासाठी वाजवी काळजी घेणे हे सहीच्या मालकाचे कर्तव्य आहे. तेव्हा टोकन आणि पिन हाताखालच्याला देऊन चहाला जाणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून जाणे. त्यात आपण अडकतोच, पण ज्याच्या हातात टोकन दिले त्या गरीब माणसालाही अडकवतो. 'नाही' म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. म्हणून ते आपणच द्यायचे नसते.

आताच्या कार्यालयात आम्ही काही जणांनी मिळून एक साधी वही घातली आहे. कोणाचे टोकन, कोणाची चावी, कधी दिली, कधी परत घेतली. प्रत्येकाचे लॉगिन वेगळे, कंत्राटी मुलांचेसुद्धा. सुरुवातीला सहकारी हसले, कामाला उशीर होतो म्हणाले. उशीर होतो, रोज दोन-चार मिनिटे. डिचोलीच्या त्या मुलीचे कंत्राट आम्हांला परत देता आले नाही. त्या मानाने ही दोन-चार मिनिटे फार नाहीत.

उत्सव संपून कामावर जाल तेव्हा पहिल्या दिवशी एवढेच करा. कीबोर्ड उचला आणि खाली चिठ्ठी आहे का पाहा. असेल तर फाडा आणि पासवर्ड बदला. चावीचे नंतर बघू. काही अडले तर आम्ही फोंड्यातच असतो, जरूर विचारा.

गणपती बाप्पा मोरया!