जर्मनी आणि कानस



विषय भारदस्त दिलाय, ‘कुशल मनुष्यबळाचा तुटवडा : स्थलांतर की प्रशिक्षण?’ मी आयटीआयमधला निवृत्त शिल्पनिदेशक, ट्रेड फिटर. गाडी शेवटी कानशीवर येणार, हे आधीच सांगून टाकतो. (हशा)

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी करार केला. सुरुवातीला १०,००० माणसं पाठवायची. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर. तिकडे म्हातारे वाढले, कामाचे हात कमी पडले. बाकी तुम्ही पेपरात वाचलंच आहे, पुढे जातो.

‘वाचलं नाही,’ म्हणतायत. बरं, थोडक्यात. नर्सला तिथे बी-टू पातळीपर्यंत जर्मन यावं लागतं आणि आपलं प्रमाणपत्र त्यांच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहतात. त्यांचा कारागीर साधारण साडेतीन वर्षं शिकतो, निम्म्याहून जास्त वेळ कारखान्यात. आपला फिटर दोन वर्षांत बाहेर. व्हिसा मिळाला तरी प्रमाणपत्राचा प्रश्न उरतोच.

आता कानस. आमच्याकडे मुळशीकडचा एक मुलगा होता. पहिला जॉब ठरलेला, लोखंडाचा तुकडा कानशीने घासून सपाट आणि काटकोनात आणायचा. काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की जॉब परत. याचा मी अकरा वेळा परत केला. बाराव्या वेळी म्हणाला, “सर, तुम्हाला मोतीबिंदू झालाय.” (हशा) मी भडकलो. तो गुपचूप शेजारच्या वर्कशॉपमधून दुसरा गुण्या घेऊन आला. लावला. उजेड नाही! माझाच गुण्या कधीतरी पडून बिघडला होता. त्या पोराने बरोबर जॉब किती वेळा बिघडवला असेल, माझ्या गुण्याला खूश करायला! नव्या गुण्यासाठी मी अर्ज केला. तो आला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. (मोठा हशा) संस्थेचं नाव घेत नाही, पेन्शन चालू आहे.

माझ्या जागी बराच काळ कोणी आलं नाही. फिटरच्या मुलांना दुसऱ्याच ट्रेडचे सर सांभाळत होते. म्हणून म्हणतो, तुटवडा पोरांचा नाही. नीट पारखून जॉब परत करणाऱ्यांचा आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, अजून स्थलांतर राहिलंय!

इथे किती जणांची मुलं परदेशात आहेत? बघा, अर्धं सभागृह. हात खाली घ्या, मी रागावलेलो नाही. माझीही मुलगी बाहेरच आहे. जाऊ नका, असं मी म्हणतच नाही. ओडिशातल्या पट्टामुंडाईची माणसं इंग्रजांच्या काळात कोलकात्याला नळाची कामं करायला गेली. तिथे शिकली, मग मामाने भाच्याला नेलं, भाच्याने गाववाल्याला. आज देशभर त्या भागातले प्लंबर आहेत. आपल्या वारज्यात एवढ्या सोसायट्या उठल्या, त्यांचे नळ जोडणाऱ्यांना गाव विचारून बघा. तेव्हा ‘स्थलांतर की प्रशिक्षण’ हा प्रश्नच चुकीचा आहे. गेलेल्याने मागच्याला शिकवलं, तर जाणं हीच शाळा होते. न शिकवता नुसती माणसं पाठवली, तर ती फक्त भरती.

म्हणून करारात आणखी एक गोष्ट मागावी. आपली पोरं तिकडे जातील, तर त्यांचे उस्ताद इकडे यावेत. वर्षभर आमच्या वर्कशॉपमध्ये उभे राहावेत.

दुसरी चिठ्ठी. संपवतो.

जर्मनीचे उस्ताद येतील तेव्हा येतील. पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत तीस-तीस वर्षं काढलेले लोक आज या खुर्च्यांवर बसलेत. सकाळी फिरायला जाताच. आठवड्यातला एक दिवस जवळच्या आयटीआयत जा, प्राचार्यांना भेटा, पोरांचे जॉब बघा. आणि जाताना आपला गुण्या बरोबर न्या.