आकाशातून पडणाऱ्या लोखंडाचा धनी कोण?

(सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



२ एप्रिल २०२२ रोजी रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे एक धातूचे कडे आकाशातून येऊन पडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे अभ्यासकांचे अनुमान होते. सुदैवाने कोणी दगावले नाही. पण तेच एखाद्या शेतमजुराच्या झोपडीवर पडले असते, तर भरपाई कोणी द्यायची?

याचे उत्तर १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारात आहे. भारत त्यात १९७९ साली सामील झाला. अवकाशातील वस्तूमुळे भूमीवर हानी झाली, तर ती सोडणारे राष्ट्र जबाबदार. त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. यंत्रात हात गमावलेल्या कामगारासाठी १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने हेच तत्त्व आणले. गिरण्यांच्या या गावाला ते अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही. १९७८ साली सोव्हिएत उपग्रहाचे किरणोत्सारी तुकडे कॅनडात पडले, तेव्हा १९८१ साली सोव्हिएत सरकारने तीस लक्ष कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले.

परंतु या करारात एक मोठी फट आहे. ज्या राष्ट्राने वस्तू सोडली, त्याच्या स्वतःच्या नागरिकांना तो लागू नाही. म्हणजे लाडबोरीवर चिनी कडे पडले तर कराराचे छत्र आहे, भारतीय कडे पडले तर नाही!

अवकाश ही केवळ सरकारची बाब होती, तोवर हा प्रश्न तितका बोचत नव्हता. २०२० नंतर हे क्षेत्र खाजगी भांडवलाला खुले झाले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिला खाजगी भारतीय अग्निबाण उडाला. भारताने १९६७ साली सही केलेल्या व १९८२ साली मान्यता दिलेल्या अवकाश करारानुसार खाजगी कंपनीच्या उद्योगाचीही जबाबदारी राष्ट्रावरच येते. नफा भागधारकांचा आणि जोखीम जनतेच्या तिजोरीची, असे हे अर्थकारण आहे.

अवकाशविषयक विधेयकाचा मसुदा २०१७ साली प्रसिद्ध झाला. २०२३ साली आले ते धोरण. धोरण म्हणजे कायदा नव्हे. त्याने शेतमजुराला भरपाईचा वैधानिक हक्क मिळत नाही. तो हक्क, कंपन्यांवर विम्याची सक्ती आणि भरपाईची निश्चित मुदत, एवढे तरी कायद्याने दिलेच पाहिजे.

१९८४ साली भोपाळ घडले आणि सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला १९९१ साली. या वेळी तरी कायद्याने प्रेतांची वाट पाहू नये.