भाकरी भाजता येते, मग प्रयोग का नाही?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, मी भाषणं करणारी बाई नाही. तेवीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, एवढीच माझी ओळख. आज एका सवलतीबद्दल बोलायचं आहे.

आपल्या दहावीच्या बोर्डात अंध विद्यार्थ्यांना विज्ञानाऐवजी शरीरशास्त्र, आरोग्य आणि गृहविज्ञान असा विषय घेता येतो. सवलत मुलामुलींना सारखीच आहे, आणि ज्याला ती हवी त्याला जरूर मिळावी. पण मुलीला कोणी विचारतच नाही. घरकाम तरी शिकेल म्हणून वडील खूश, निकाल लागेल म्हणून शाळा खूश. अकरावीला विज्ञान घ्यायची वाट मात्र तिथेच बंद.

मीही तेच करत होते. माझ्या वर्गात एक पूर्ण अंध मुलगी होती. नववीत विषय ठरवताना मी तिला म्हटलं, "बाळ, प्रयोगशाळेत आग असते, अ‍ॅसिड असतं. भाजशील." ती म्हणाली, "बाई, सकाळच्या भाकऱ्या मीच करते. चुलीवर."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. विषय विज्ञानच राहिला, आणि मी कामाला लागले.

लिटमसचा रंग तिला दिसणार नाही, हे खरं. पण आम्ल आणि आम्लारी ओळखायला रंगच कशाला हवा? कांदा बारीक चिरून सुती कापडाच्या पट्ट्यांबरोबर पिशवीत बांधून रात्रभर ठेवला. सकाळी एका पट्टीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब, दुसरीवर सौम्य कॉस्टिक सोड्याचे. (थेंब मीच टाकले, पट्ट्या पाण्यानं धुतल्याही मीच.) आम्लाच्या पट्टीला कांद्याचा वास राहतो, आम्लारीच्या पट्टीचा जातो. तिनं लगेच ओळखलं. मग सगळा वर्ग डोळे मिटून हुंगायला लागला! विद्युतमंडलात बल्बच्या जागी बझर लावला. मंडल पूर्ण झालं की आवाज. आकृत्यांसाठी शिवणकामाचं दातेरी चाक घेतलं. लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर ते दाबून फिरवलं की मागच्या बाजूला टिंबांची रेघ उठते. फक्त आकृती उलटी काढावी लागते. पहिल्या खेपेला मी विसरले आणि हृदयाची डावी बाजू उजवीकडे गेली. शिवाय सगळ्या रेघा एकाच कागदावर कोंबल्या, तर बोटांना काही कळत नाही. एका आकृतीचे दोन-तीन कागद करावे लागतात.

आता प्रजननाचा धडा. हा धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून देण्याची रीत तुम्हाला माहीत आहेच. डोळस मुली निदान पुस्तकातलं चित्र चोरून बघतात. हिनं काय करावं? पाळी येऊन दोन वर्षं झाली होती. रक्त कुठून येतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. शाडूच्या मातीचं गर्भाशय केलं, खऱ्याएवढं, मुठीच्या आकाराचं. दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, "एवढंसंच?" त्या दिवशी मधल्या सुट्टीत इतर मुलीही ते हातात घ्यायला आल्या. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तिला गुण किती मिळाले, असं सगळे विचारतात. बावन्न. लेखनिक मिळवताना आमची दमछाक झाली, ती वेगळीच.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ म्हणतो की विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे शाळेनं सोय करून द्यायची. कायदा आपोआप शाळेत पोचत नाही. २०१० मध्ये कृतिका पुरोहितला फिजिओथेरपीच्या प्रवेशासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं होतं. प्रत्येक मुलीच्या मागे वकील कुठून उभा करायचा? म्हणून तुम्हाला सांगते, नववी सुरू होतानाच गावातल्या शाळेत जा. अंध मुलगी असेल तर विचारा, विषय कोणी निवडला? आईला विचारा, आणि मुलीला वेगळं बसवून विचारा.

पट्ट्या आणि दातेरी चाक मी बरोबर आणलं आहे. चहानंतर हाताळून बघा. पिशवीला कांद्याचा वास येतोय, तेवढं सांभाळून घ्या.