आठशेचा गिअरबॉक्स, घरच्या पोर्चमध्ये

(मंडळाच्या फेब्रुवारीतील मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी "गिअरबॉक्स" म्हणालो. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. या सभेत संतसाहित्यावर झालंय, मधुमेहावर झालंय, म्युच्युअल फंडावर तर दोनदा झालंय. नखांत ग्रीस असलेला वक्ता बहुधा पहिलाच. पण तुम्हा सगळ्यांच्या घरी निदान एक गाडी आहे आणि तिच्या पोटात ही पेटी आहे, तेव्हा विषय अगदीच परका नाही.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. आमचे आजोबा सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेल्या कलाभवनात शिकले. ते अभिमानाने सांगायचे की तिथे आधी कानस धरायला शिकवत आणि मग पेन्सिल. मी मात्र सरकारी नोकरीत वाहनदुरुस्तीची एस्टिमेटं तपासतो. "गिअरबॉक्स असेंब्ली बदलणे" हे वाक्य मी शेकडो वेळा वाचून त्यावर सही केली असेल. त्या असेंब्लीच्या आत काय बिघडलं होतं, हे कागदावर कधीच नसतं.

आमची गाडी म्हणजे बाबांनी १९९६ साली घेतलेली मारुती ८००, चार गिअरची. हे मॉडेल डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलं आणि जानेवारी २०१४ मध्ये बनायचं थांबलं. सुटे भाग मात्र अजून मिळतात, म्हणून आमची जिवंत आहे. बाबा गेल्यावर ती विकायची ठरली होती. पण लेक कॉलेजात गेली, तिला कुठूनसं हौशी रॅलीचं वेड लागलं, आणि ती म्हणाली, "आजोबांच्या गाडीने जाऊ." आता ती चालवते आणि मी शेजारी रोडबुक धरून बसतो.

रॅली म्हटलं की लोकांना धूळ उडवत, हवेत उड्या मारत जाणाऱ्या गाड्या आठवतात. आमचा प्रकार वेगळा. त्याला टीएसडी म्हणतात. वेळ, वेग आणि अंतर यांचा हिशेब. या टप्प्यात ताशी सरासरी ३२ ठेवा, पुढच्यात २७, असं कागदावर दिलेलं असतं. उशिरा पोचलात तर गुण जातात आणि लवकर पोचलात तरी जातात. साधं लायसन्स आणि साधी गाडी चालते. पण जांबुघोडा, छोटा उदेपूरकडच्या कच्च्या रस्त्यांवर हा हिशेब पाळताना दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा असा गिअर दिवसभर चालू असतो. शहरात वर्षभरात होत नाही एवढी झीज एका रविवारी होते.

मागच्या पावसाळ्यानंतर दुसरा गिअर कुरकुरायला लागला. मग तिसरा सुटायला लागला. चालू गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की दांडी आपोआप न्यूट्रलमध्ये उडी मारायची. सपाट रस्त्यावर त्याची गंमत वाटते. पावागडच्या माचीवरून उतरताना ते झालं, त्या वळणावर इंजिनाचा ब्रेक गेला आणि गाडी मोकळी धावली. लेकीने ब्रेकवर सावरली, काही झालं नाही. घरी आल्यावर मात्र मी सांगून टाकलं की हा गिअरबॉक्स उघडल्याशिवाय ही गाडी घाट उतरणार नाही. पुढची रॅली पाच आठवड्यांवर होती.

दुकानदाराने सल्ला दिला, "साहेब, आखो गिअरबॉक्स बदली नाखो ने." भंगारातला अख्खा सहा हजारांत मिळत होता. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो: घरी दुरुस्ती केली म्हणून पैसे वाचतात, असं नाही. आम्हाला सुटे भाग, सील, तेल आणि प्रेसवाल्याची मजुरी धरून साडेआठ हजार लागले. फरक इतकाच की भंगारातल्या पेटीत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. घाटात मुलगी चालवणार असेल तर मला ते माहीत असायला हवं.

पेटी उघडण्याआधी बाहेरच्या गोष्टी तपासाव्यात. निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो. इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरी माउंटिंगवर बसतात ती फाटली असतील तर ॲक्सिलरेटर सोडताना सगळं धूड हलतं आणि दांडीला ओढून गिअर काढतं. दांडीपासून पेटीपर्यंत जाणाऱ्या रॉडचे बुश झिजले असतील तर गिअर अर्धवटच पडतो. क्लचची केबल सैल असेल तर क्लच पुरता सुटत नाही आणि प्रत्येक गिअर कुरकुरतो. हे तिन्ही आमच्याकडे ठीक होतं.

मग आवाज ऐकायचा. ही परीक्षा कुणालाही घरी करता येते. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू. घरघर ऐकू येतेय आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर पेटीतल्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग संशयित. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. आमची घरघर दाबल्यावर थांबत होती.

तेल काढलं तेव्हा उरलेलं कळलं. तळाच्या चुंबकावर राखाडी लगदा असणं साहजिक आहे, ती पोलादाची रोजची झीज. पण आमच्या तेलात उन्हात धरल्यावर सोनेरी चमक दिसत होती. ते पितळ होतं.

पितळ कुठलं, ते सांगण्यासाठी एक गैरसमज दूर करायला हवा. गिअर टाकताना चाकांचे दाते एकमेकांत घुसतात असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. पुढे जाण्याच्या चारही गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या आणि फिरतच असतात. त्यातली कोणती जोडी शाफ्टला बांधायची, एवढंच आपण दांडीने ठरवतो. बांधणारा भाग म्हणजे स्लीव, आतून दाते असलेली एक जाड बांगडी. ती सरकून गिअरच्या बाजूच्या बारीक दात्यांवर चढते. पण दोघांची गती वेगळी असेल तर दाते दातांवर आपटणार. आपण बडोदेकर आहोत, म्हणून गरब्याचंच उदाहरण घ्या. फिरत्या रिंगणात शिरायचं तर आधी बाहेरून दोन पावलं त्याच चालीने टाकावी लागतात, मग जागा मिळते. ती दोन पावलं टाकण्याचं काम पितळेची एक रिंग करते. तिला सिंक्रो रिंग म्हणतात. गिअरच्या निमुळत्या भागावर ती घासते, गती जुळवते आणि मगच स्लीवला आत सोडते. रिव्हर्सला ही रिंग नसते, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकू नये. त्याचे दाते तिरपे नसून सरळ असतात, म्हणून मागे घेताना ती ओळखीची किणकिण ऐकू येते.

खोलण्याच्या कामाबद्दल फार सांगत नाही. गाडी जॅकवर ठेवून कुणीही खाली शिरू नये. स्टँड लावावेत, आणि विटा म्हणजे स्टँड नव्हे. इंजिनाला वरून आधार द्यावा, मग ड्राइव्ह शाफ्ट, केबल, रॉड काढून पेटी दोघांनी मिळून खाली घ्यावी. गिअरच्या रॉडना जागेवर धरणाऱ्या छोट्या पोलादी गोळ्या आणि स्प्रिंगा असतात. त्या काढताना हात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काढाव्या, नाहीतर गोळी गुलबक्षीच्या वाफ्यात जाते. लेकीने प्रत्येक पायरीचा फोटो काढला आणि भाग क्रमाने फराळाच्या डब्यांत ठेवले. चिवडा, चकली, शंकरपाळे अशी लेबलं आधीचीच होती. ती तशीच राहू दिली. तिसऱ्या गिअरचा संच 'चकली'त होता.

खरं काम यापुढे असतं, आणि ते मोजण्याचं. सिंक्रो रिंग गिअरवर दाबून बसवायची आणि दोघांमधल्या फटीत फीलर गेजची पाती घालून बघायची. नवीन असताना ही फट साधारण १ ते १.४ मिलिमीटर असते. अर्ध्या मिलिमीटरखाली गेली की रिंग संपली. आमच्या दुसऱ्या गिअरची फट ०.३५ भरली. कुरकुर का होत होती ते कळलं, सोनेरी चमक कुठून आली तेही कळलं.

तिसऱ्याची फट मात्र ०.८ होती, म्हणजे रिंग चांगली. मग तो सुटत का होता? त्याचे बाजूचे बारीक दाते भिंगाखाली पाहिले. हे दाते मुळाशी किंचित निमुळते घासलेले असतात. त्यामुळे जोर आला की स्लीव बाहेर न सरकता आतच खेचली जाते. आमच्या दातांची टोकं गोल झाली होती, तो उतार पुसला गेला होता. झालं, गिअर बदला, स्लीव आणि हबचा संच बदला. बहुतेक जण इथे थांबतात. पण ते दाते टोकालाच का झिजले? कारण स्लीव त्यांच्यावर पुरती चढतच नव्हती. पुरती का चढत नव्हती? कारण तिला ढकलणारा फोर्क झिजला होता. फोर्क आणि स्लीवच्या खाचेत १ मिलिमीटरपर्यंत मोकळीक चालते. आमची १.३ होती, आणि फोर्कची एकच बाजू खरवडली गेली होती. नुसता गिअर बदलला असता तर नव्या गिअरचे दाते याच फोर्कने पुन्हा गोल केले असते.

आणि फोर्क एकाच बाजूने कसा झिजतो? दांडीवर हात ठेवून गाडी चालवली की. हाताचं वजन दांडीतून फोर्कवर येतं आणि फोर्क मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या स्लीवला घासत राहतो. आमच्याकडे तसं चालवणारा एकच माणूस होता. बाबांचा डावा हात कायम गिअरच्या मुठीवर असायचा, बडोदे-पुणे प्रवासभर. तिसरा आणि चौथा एकाच फोर्कवर असतात, आणि हायवेला गाडी चौथ्यातच. मी तो फोर्क पुसून आईला दाखवला. तिने हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाली, "एवढंसं?"

नवा घातला. जुना माझ्या हत्यारांच्या ड्रॉवरमध्ये आहे. लेक आता गिअर टाकला की हात लगेच स्टिअरिंगवर नेते.

बेअरिंग बसवताना स्वयंपाकघर लागतं. हातोडीने ठोकून बसवलेलं बेअरिंग बसवतानाच निम्मं मेलेलं असतं. त्याला गरम करून फुगवायचं आणि शाफ्टला थंड करून आकसवायचं. जुन्या कढईत तेल, त्यात बेअरिंग तारेने टांगलेलं, तळाला न टेकता. साधारण १०० अंश, कोणत्याही परिस्थितीत १२० च्या वर नाही, नाहीतर पोलादाचं पाणी उतरतं. सील असलेलं बेअरिंग मात्र तेलात घालायचं नाही. थर्मामीटर सौ.चा, पाकाचा. शाफ्ट रात्रभर फ्रीझरमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळून श्रीखंडाच्या डब्याशेजारी. सकाळी बेअरिंग शाफ्टवर बांगडीसारखं सरकलं. कढई मला कायमची देण्यात आली आहे.

जोडताना दोन गोष्टींची घाई करू नये. नवं बेअरिंग आलं की जुनी शिम बरोबर असेलच असं धरून चालू नये. शाफ्टची खेळ पुन्हा मोजावी. आणि पेटी बंद केल्यावर, गाडीला लावण्याआधी, हाताने शाफ्ट फिरवत चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघावेत. लेकीने तेरा वेळा टाकले. दोन भागांमधलं सीलंट पातळ लावावं. जाड लावलं तर आत ओघळतं आणि तुकडे तेलात फिरतात. अ‍ॅल्युमिनियमचे आटे पान्याच्या जोरावर नव्हे, टॉर्क रेंचवर आवळावेत. तेल जीएल-४ दर्जाचं घ्यावं. "यापेक्षा भारी आहे" म्हणून कुणी जीएल-५ दिलं तर विचार करा. त्यातली काही रसायनं याच पितळेच्या रिंगांना सोसत नाहीत. दुकानात मोठा आकडा म्हणजे चांगलं, असं समजतात. इथे तसं नाही. आणि पाचशे किलोमीटरनंतर ते तेल एकदा बदलून चुंबक पुसावं.

चार रविवार लागले. पाचव्या आठवड्यात मी एकटा माचीला गेलो आणि तिसऱ्यात, पाय वर घेऊन, पूर्ण घाट तीनदा उतरलो. दांडी हलली नाही. चौथ्या गिअरला अजून बारीक शीळ येते. नवी बेअरिंग आणि जुनी चाकं एकमेकांना रुळत आहेत, असा माझा अंदाज आहे. दर महिन्याला तेल बघतो, अजून तरी स्वच्छ आहे. रॅलीत आम्ही अकरावे आलो, बावीस गाड्यांत. लेकीच्या मते गाडीचा दोष शून्य.

क्लच प्लेट मध्यभागी बसवायचा लाकडी दांडा, बेअरिंग पुलर आणि फीलर गेज माझ्याकडे आहेत. मंडळातल्या कुणालाही लागले तर घेऊन जा. पुलर मात्र शनिवारपर्यंत परत हवा, रविवारी आम्हाला लागतो.