एका वेळी एकच पावडर

आजचा विषय ऐकून तुमच्यातले निम्मे म्हणतील, अरे, याचा आपल्याशी काय संबंध? विषय आहे रीलोडिंग. म्हणजे वापरलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी घरी पुन्हा भरणं, आणि ते करताना निष्काळजीपणामुळे होणारे अपघात.

अमेरिकेत हा रीतसर छंद आहे. काडतुसं महाग पडतात, पुंगळी पुन्हा वापरता येते, आणि नेमबाजाला आपल्या रायफलला मानवेल असं काडतूस हवं असतं. स्वतःपुरतं भरायला फेडरल परवाना लागत नाही. विकायचं असेल तर लागतो. मी टेक्सासमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्या टीममध्ये साठीचे एक गृहस्थ आहेत, तीस वर्षं हेच करतायत. त्यांच्या गॅरेजमध्ये मी चारपाच शनिवार नुसता बसून बघत होतो.

आधी दोन कायद्याच्या गोष्टी. एक, भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. त्यामुळे पुण्यात, नागपुरात बसून हे ऐकत असाल तर फक्त ऐका. आणि आपल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ज्या प्रकारात ब्राँझ जिंकलं, त्यातलं .२२ चं काडतूस रिमफायर असतं. ते घरी पुन्हा भरण्याजोगं नसतंच. दुसरी गोष्ट, अमेरिकेत माझ्यासारखे एच-वन-बीवर असाल, तर बंदूकच काय, काडतूस बाळगणंही फेडरल कायद्याने सहसा मना आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारा, मित्राला नको. म्हणून मी हात लावला नाही, बघत बसलो.

आता मुद्द्यावर. काडतुसात चार गोष्टी: पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत पावडर आणि तोंडाशी गोळी. प्रायमरवर ठोका बसतो, ठिणगी उडते, पावडर जळते, वायूचा दाब गोळीला ढकलतो. तो दाब किती? तुमच्या गाडीच्या टायरमध्ये साधारण ३२ पीएसआय हवा असते. ९ एमएमच्या काडतुसासाठी ठरवलेली कमाल मर्यादा आहे ३५,००० पीएसआय. टायरच्या हजारपट, आणि तेही तुमच्या तोंडापासून हातभर अंतरावर. बंदूक तेवढं सोसते, कारण ती त्याच हिशोबाने बनवलेली असते. हिशोब चुकला की तीच बंदूक हातात फुटते.

हिशोब कुठे चुकतो? सगळ्यात जास्त भीती डबल चार्जची. एकाच पुंगळीत दोनदा पावडर. तुम्ही म्हणाल, एवढं कसं कळत नाही? तर ऐका. .३८ स्पेशल हे काडतूस १८९८ चं. त्या काळची काळी दारू जागा खूप घ्यायची, म्हणून पुंगळी लांब. आजची धूरविरहित पावडर हलक्या लोडमध्ये जेमतेम तीन ग्रेन लागते. तीन ग्रेन म्हणजे ०.२ ग्रॅम, मिठाची चिमूट. ती पुंगळीच्या तळाशी कुठेतरी पडलेली. दुप्पट पडली तरी वरून गोळी आरामात बसते. बाहेरून काडतूस अगदी शहाण्यासारखं दिसतं.

आणि हे होतं कधी? अडाणी माणसाकडून नाही, मधेच उठलेल्या माणसाकडून. दांडा ओढला, फोन वाजला, दोन मिनिटं बोलला, परत आला. आता या पुंगळीत पावडर पडली होती की नव्हती? आपण कोड लिहिताना कोणी खांद्यावर टकटक केलं की डोक्यातलं सगळं स्टेट उडतं, तसंच. फरक इतकाच की आपल्याकडे रोलबॅक आहे.

त्या गृहस्थांचा नियम साधा आहे. फोन घरात, टीव्ही बंद, गप्पा बंद. मला बसायची परवानगी होती, बोलायची नाही. काम मधे थांबलं तर हातातली पुंगळी रिकामी करून पहिल्यापासून. "बहुतेक टाकली असेल" हे वाक्य तिथे चालत नाही. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करतात, सगळ्यांत पावडर पडली की टॉर्च मारून एकेकीत डोकावतात. पातळी सारखी दिसली तरच गोळी बसवायची. आणि मला सगळ्यात आवडलेली युक्ती: जमेल तिथे ते अशी फुगीर पावडर निवडतात, की एकदाच टाकल्यावर अर्ध्याहून जास्त पुंगळी भरते. दुसऱ्यांदा टाकली तर सांडतेच. चूक लपत नाही, बोंब मारते. आपण चांगल्या सिस्टिमकडून दुसरं काय मागतो?

याची उलट बाजू म्हणजे पावडर पडलीच नाही. ही जास्त फसवी. नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी पुंगळीतून सुटते आणि नळीतच अडकते. धाडकन आवाजाऐवजी धप्प असा मेलेला आवाज येतो. याला स्क्विब म्हणतात. माणसाला वाटतं, फुसका निघाला, आणि तो पुढचा बार काढतो. नळी आतून बंद, मागून दुसरी गोळी. नळी फाटते.

अडकलेली गोळी काय करते, याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण आहे. मार्च १९९३, नॉर्थ कॅरोलायनामधलं विल्मिंग्टन, 'द क्रो' सिनेमाचं शूटिंग. कॅमेऱ्यासमोर खरी दिसणारी डमी काडतुसं हवी होती. ती सेटवरच बनवली: खऱ्या काडतुसातली पावडर काढली, गोळी परत बसवली, पण प्रायमर जिवंत राहिला. त्याने एक गोळी नळीत ढकलली. कोणी नळी तपासली नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक काडतूस भरून दृश्य घेतलं. ब्लँकला गोळी नसते, पण जोर पुरा असतो. अडकलेली गोळी सुटली आणि ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली गेला. वय २८. माझ्याच वयाचा. यात कोणी खुनशी नव्हतं, अर्धवट केलेलं काम होतं आणि न केलेली तपासणी.

म्हणून रेंजवर कोणाबरोबर गेलात तर एवढं लक्षात ठेवा. आवाज नेहमीपेक्षा कमी आला की थांबा. बंदूक रिकामी करा, नळी मोकळी आहे हे बघा, मगच पुढे. आणि ट्रिगर दाबून काहीच झालं नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा. बार उशिरा उडू शकतो. नळीत डोकावून बघायची घाई तर कधीच नाही.

तिसरी चूक पावडरच्या अदलाबदलीची. दोन पावडरी दिसायला सारख्या, पण जळायचा वेग वेगळा. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा. काम संपलं की यंत्रातली उरलेली पावडर त्याच मूळ डब्यात, त्याच दिवशी. लेबल नसलेली पावडर ओळखायचा प्रयत्न करायचा नाही, ती वापरायची नाही. आणि प्रमाण? ते लायमन, हॉर्नेडी अशांच्या छापील मॅन्युअलमधून किंवा पावडर बनवणाऱ्या कंपनीकडून घ्यायचं, खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची. इंटरनेटवरच्या कोणा अनोळखी माणसाचा आकडा उचलायचा नाही. कॉपी-पेस्ट केलेला कोड फार तर सर्व्हर पाडतो. याच कारणाने दुसऱ्याने भरलेलं काडतूसही झाडू नये, मग तो कितीही जिवलग मित्र असो.

आता घरातल्यांचं. माझा एक सीनियर, मूळचा कोल्हापूरचा, ग्रीन कार्डवाला, गॅरेजमध्ये प्रेस बसवायचं म्हणतोय. वहिनींचा फोन आला, "भाऊजी, तुम्हीच सांगा याला. पोरीची सायकल त्याच गॅरेजमध्ये असते. चालेल का हे?" मी म्हटलं, वहिनी, स्फोटाच्या आधी शिशाचा विचार करा. प्रायमरच्या राखेत शिसं असतं. जुन्या पुंगळ्या साफ करताना ती धूळ उडते, हाताला, कपड्यांना, चपलांना लागते. चार वर्षांचं मूल जमिनीवर खेळतं आणि बोटं तोंडात घालतं. लहान मुलांच्या मेंदूला शिसं थोडंही वाईट. तेव्हा जागा वेगळी हवी, कुलूप लागणारी. तिथे खाणंपिणं नाही, सिगारेट नाही, हीटर नाही. काम झाल्यावर साबणाने हात, कपडे वेगळे. डोळ्यांवर गॉगल. प्रायमर त्यांच्या मूळ पाकिटातच. बरणीत सुटे ओतले तर एक फुटला की सगळे फुटतात. पावडरही जाड पोलादी घट्ट पेटीत कोंडायची नाही. मोकळ्यावर ती भडकून जळते, कोंडली की बॉम्ब होतो. एवढी वेगळी जागा नसेल, तर उत्तर नाही असंच आहे. तसं मी त्यालाही सांगितलं. तो रागावला, पण प्रेसची ऑर्डर सध्या थांबली आहे.

शेवटी एकच. ही माणसं घाबरट नाहीत, आणि शूरही नाहीत. आपली आठवण दगा देते हे त्यांनी मान्य केलंय, आणि म्हणून कामाची रीतच अशी लावलीय की आठवणीवर काही सोडायचं नाही. आपल्याकडे दिवाळीत न उडालेल्या फटाक्यावर वाकून बघणारा एक जण प्रत्येक गल्लीत असतो. हा भाग त्याला पाठवा. त्याला रीलोडिंग करायचं नाहीये, पण थांबायचं कधी, हे त्यालाही कळायला हवं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.